विजेच्या तारेशिवायचं शेतघर: कोंबड्या, वाफे आणि वाईट महिन्याचा हिशोब

गिरणाऱ्याच्या पुढे, हरसूलच्या वाटेला आमची दीड एकर आहे. सासऱ्यांच्या वाट्याला आलेली. निम्मी मुरमाड, निम्मी बरी. विजेचा शेवटचा खांब आमच्या बांधापासून बराच अलीकडे थांबतो. तिथून पुढे तार ओढायचा खर्च ऐकला आणि आम्ही सौर पॅनल लावले. त्यात तत्त्व वगैरे काही नव्हतं.

रविवारी नाशिकहून कुणी ना कुणी बघायला येतं. पिठलं-भाकरी होते, पोरं कोंबड्यांमागे धावतात, आणि निघताना गाडीचं दार धरून प्रश्न येतो, "वहिनी, आम्हालाही असं काहीतरी करायचंय. खर्च किती येतो?" खर्चाचं नंतर बोलू. आधी विचारायचं ते हे, की इथला सगळ्यात वाईट महिना कोणता?

शहरात सरासरीवर निभतं. नळाला पाणी आलं नाही तर टँकर मागवता येतो, लाइट गेली तर तासाभरात येते. इथे प्रत्येक गोष्टीचा एकेक वाईट महिना असतो आणि त्याच महिन्याच्या मापाने सगळं घ्यावं लागतं. पाण्याचा मे. विजेचा जुलै-ऑगस्ट. भाजीचा एप्रिल. कोंबड्यांना दोन: आषाढाची झड आणि वैशाखाचं ऊन. जानेवारीत हवेला भुलून आलेली आणि मेमध्ये सामान बांधून परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

पुढे ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने करा. कोंबड्या सगळ्यात शेवटी. आम्ही उलटं केलं, ते पुढे येईलच.

कागद

हे थोडक्यात, पण टाळू नका. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. नाहीतर परवानगी लागते. कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३ तेच सांगतं. त्यातून आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण, इगतपुरीकडे, आदिवासी खातेदारांच्या जमिनी पुष्कळ आहेत. त्या बिगर-आदिवासीला सरकारी मंजुरीशिवाय घेता येत नाहीत. "स्टँपवर लिहून देतो, वापरा बिनधास्त," असं म्हणणारा कुणीतरी भेटतोच. चहा प्या आणि उठून या.

सातबाऱ्यावर भोगवटादाराचा वर्ग, 'इतर हक्क' या रकान्यातल्या नोंदी आणि विहिरीचा हिस्सा बघा. रस्ता नकाशावर आहे की नुसता वहिवाटीचा, तेही बघा. फेरफार, म्हणजे मालकी बदलत गेल्याच्या नोंदी, काढा आणि वकिलाला दाखवा. जमीन घ्यायची ऐपत किंवा सोय नसेल तर नातेवाइकाच्या शेतावर एक वर्ष राहून बघा. ते जास्त शहाणपणाचं.

पाणी: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघा

नाशिक जिल्ह्याचा पाऊस एकसारखा नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, नाशिक शहरात सातशेच्या आसपास, सिन्नर-येवल्याकडे त्याहून कमी. यावरून कुणालाही वाटेल की पश्चिमेला पाण्याची चंगळ असेल. पण जिथे गोदावरी उगवते त्या डोंगराच्या कुशीतल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. खाली काळा कातळ, वर उतार. पाणी मुरण्याआधी पळतं. म्हणून पावसाचा आकडा विचारू नका, विहिरीचा मे विचारा.

मेमध्ये जा. विहिरीवरची मोटर तासभर चालवायला लावा. पाणी किती खाली गेलं आणि परत तेवढं भरायला किती वेळ लागला, ते मोजा. मालक सांगेल ते ऐकून घ्या, पण शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या मावशींनाही विचारा. बोअर घ्यायचं म्हणाल तर कातळात तो जुगारच. नारळ हातावर उभा करून पाणी सांगणारे आमच्याकडेही आले होते. त्यांनी दाखवलेल्या दोनपैकी एका जागी लागलं, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच.

आता हिशोब. दोन माणसांना काटकसरीने दीडशे लिटर रोज. डझनभर कोंबड्यांना उन्हाळ्यात चार-पाच लिटर. चार फूट बाय दहा फुटांच्या एका वाफ्याला भर उन्हाळ्यात वीसेक लिटर. सहा वाफे म्हणजे सव्वाशे. वर लिंबू, पपई, कढीपत्ता. मिळून रोजचे तीनशे लिटर धरा. मार्चपासून मृगापर्यंत शंभर दिवस, म्हणजे तीस हजार लिटर. एवढं पाणी तुमच्याकडे कुठून येणार ते आज सांगता आलं पाहिजे.

छपराचं पाणी कमी लेखू नका. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर सातशे मिलिमीटर पडला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी अठ्ठावीस हजार लिटर हाती येतात. आमच्याकडे पाऊस उतू जातो, टाकी अपुरी पडते. म्हणून आधी टाकी बांधा, तीही झाकणाची. हवेच्या नळीला बारीक जाळी लावा, नाहीतर डासांची शेती होईल. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं. पत्र्यावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते.

आणि एक गोष्ट मला कुणी पहिल्या वर्षी सांगितली असती तर पैसे वाचले असते: घरापेक्षा उंचावर, तीन-चार मीटरवर, पाच हजार लिटरची टाकी ठेवा. दुपारी ऊन असताना मोटर चालवून ती भरून ठेवायची. रात्री नळ सोडला की पाणी आपसूक येतं, बॅटरीला हात लावावा लागत नाही. बॅटरी काही वर्षांनी मरते, टाकी मरत नाही.

शेततळं करणार असाल तर तळाला अंथरायचा प्लास्टिकचा कागद चांगल्या जाडीचा, पाचशे मायक्रॉनचा घ्या. चारही बाजूंनी कुंपण करा आणि चारही कोपऱ्यांत गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून ठेवा. त्या ओल्या प्लास्टिकवरून माणसाला वर चढता येत नाही, पोहता येत असलं तरी.

पिण्याचं पाणी पावसाळ्यात उकळूनच. विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते ग्रामपंचायतीतल्या पाणी सोडणाऱ्याला विचारा. त्याला माप तोंडपाठ असतं.

वीज: कागदावर आधी, छपरावर नंतर

एक वही घ्या. घरातली प्रत्येक वस्तू किती वॅटची आणि किती तास चालते ते लिहा, गुणाकार करा. आमची वही अशी: नऊ वॅटचे सहा बल्ब पाच तास, २७०. तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दहा तास, ३००. लॅपटॉप तीन तास, १८०. मोबाइल, ३०. बेरीज ७८० वॅट-तास. हजार वॅट-तासांचं एक युनिट, म्हणजे हे पाऊण युनिटच्या जरा वर. फ्रिज घातला की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो. जुना साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो. तो आधी बदला, पॅनल वाढवायचा विचार नंतर.

एक किलोवॅटचे पॅनल मार्चच्या लख्ख उन्हात दिवसाला चार ते पाच युनिट देतात. दुकानदार हाच आकडा सांगतो. तो खोटं बोलत नाही, फक्त जुलैचं बोलत नाही. डोंगराकडे ढग बसले की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि तेच पॅनल एखाद्या दिवशी एक युनिटही देत नाहीत. म्हणून मार्चला पुरेल त्याच्या किमान दुप्पट पॅनल लावा. पॅनल तुलनेने स्वस्त आहेत. बॅटरी महाग आहे.

बॅटरीचं गणित: १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासाची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटत जातं, तेव्हा खरी उपयोगाची पाऊण-एक युनिट. लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी महाग, पण ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि तिच्यात पाणी घालत बसावं लागत नाही. आम्ही पहिली स्वस्तातली घेतली, तिचा पहिल्याच पावसाळ्यात बळी दिला.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण वीस अंशांच्या उतारावर बसवा. नाशिकचा अक्षांश तेवढाच आहे. धुवायचे तर सकाळी, पॅनल तापायच्या आत. अर्थिंग आणि सर्ज (विजेचा अचानक येणारा झटका) रोखणारं उपकरण यात पैसे वाचवू नका. मृगाच्या आधीच्या वळिवात या माळावर विजा कशा पडतात ते एकदा बघितलं की कुणी सांगावं लागत नाही. मिक्सर, मोटर, कपड्यांचं मशीन ही सगळी दुपारची कामं. इस्त्री आणि गीझर विसरा. (मुंबईची नणंद पहिल्यांदा आली तेव्हा रात्री दहाला केस वाळवायचं यंत्र लावून तिने अख्खं घर अंधारात घातलं होतं. आता ती केस उन्हात वाळवते.)

शेताच्या पंपासाठी राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाण्याचा स्रोत मात्र तुमचा हवा. घरातल्या दिव्यांसाठी ही योजना नाही, तेवढं लक्षात ठेवा.

स्वयंपाकाला गॅसचा सिलिंडर ठेवाच. चूल हवी तर ठेवा, पण लाकडं मेअखेर पत्र्याखाली गेली पाहिजेत. गोबर गॅसचं खूप जण विचारतात. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. कोंबड्यांवर ते भागत नाही.

वाफे: आधी कुंपण

पहिल्या वर्षी सहाच वाफे. मला माहीत आहे, तुमच्या डोक्यात अर्धा एकर आहे. सहाच करा.

चार फूट रुंद ठेवा म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. पश्चिम पट्ट्यात गादीवाफाच हवा, जमिनीपासून नऊ इंच तरी उंच. सपाट वाफ्यातलं रोप जुलैत कुजतं. सिन्नरकडे उलटं, तिथे पाणी धरून ठेवणारा खोलगट वाफा बरा. शेणखत चांगलं कुजलेलं घाला, आणि माती एकदा तपासून घ्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र गंगापूर रस्त्याला गोवर्धन शिवारात आहे, तिथे विचारा.

पावसाळ्यात वेलांना मांडव घालून दोडकी, गिलकी, कारली, भोपळा. बाजूला भेंडी, गवार, सांडपाण्यावर अळू आणि केळ. पालेभाजीचा हट्ट झडीत करू नका. खरी मजा दसऱ्यानंतर. मेथी पंचवीस-तीस दिवसांत हातात येते, कोथिंबिरीचे धणे रगडून दोन करून पेरायचे, पालक, मुळा, लसूण, घेवडा. वांगी-टोमॅटोची रोपं महिनाभर आधी टाकून ठेवायची. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरा. आम्ही पहिल्या हिवाळ्यात सगळी मेथी एकाच दिवशी पेरली आणि महिन्याने सगळ्या नातेवाइकांना वाटत फिरलो. मार्चपासून चार वाफे मोकळे सोडा, दोनच भिजवा. बाकीच्यांवर पाचट किंवा वाळलं गवत चार बोटं जाड पसरून ठेवा.

जीवामृताचं प्रसिद्ध माप दोनशे लिटरचं आहे, ते सहा वाफ्यांना काय करायचं? दहावा हिस्सा करा: वीस लिटर पाणी, एक किलो देशी गाईचं ताजं शेण, अर्धा ते एक लिटर गोमूत्र, शंभर-दोनशे ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून सकाळ-संध्याकाळ ढवळा, तीन दिवसांनी वापरा, आठवड्यात संपवा. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, पडला तर निंबोळी अर्क पाच टक्के: शंभर लिटरला पाच किलो निंबोळ्या, तर पाच लिटरच्या पंपाला पाव किलो. निंबोळ्या जूनमध्ये झाडाखालीच पडलेल्या असतात. वेचून वाळवून ठेवा, विकत घेऊ नका.

कुंपण मात्र कोंबड्या येण्याआधी आणि कुंपण वाफ्यांना. कोंबडी मातीत किडे शोधते, तिला मेथी आणि गवत यांतला फरक कळत नाही. एक कोंबडी अर्ध्या तासात एक वाफा उकरते. पाच फुटी जाळी लावा. पीक निघाल्यावर मात्र त्याच वाफ्यात त्यांना आठवडाभर सोडा. अळ्या, कोष, तणाचं बी सगळं साफ करतात.

कोंबड्या

आता आमची फजिती. पहिल्या वर्षी, जुलैत, बाजारातून पंचवीस रंगीत पिल्लं आणली. दिसायला गोड, दोन-तीन दिवसांची. पिल्लाला पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. आम्ही शंभर वॅटचा पिवळा बल्ब टांगला. शंभर वॅट चोवीस तास म्हणजे २.४ युनिट, अख्ख्या घराच्या तिप्पट! हा गुणाकार कुणी केला नव्हता. तिसऱ्या रात्री दोन वाजता बॅटरी बसली, आणि सकाळी सोळा पिल्लं एकावर एक रचल्यासारखी मेलेली होती. उरलेल्या नऊपैकी सहा पुढे मुंगसाने एका रात्रीत मारली. खाल्लं एकच. तीन वाढल्या.

तेव्हा शेजारच्या पाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "बाई, बलब कशाला? खुडूक कोंबडी ठिव की." खुडूक म्हणजे अंडी उबवायला बसलेली. पिल्लांना ऊब देण्यावरचं सगळं त्या एका वाक्यात आलं.

तुम्ही असं करा. एक दिवसाची पिल्लं आणूच नका. तीन महिन्यांच्या, लसी झालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) घ्या आणि पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात घ्या. संख्या दहा. त्यातल्या सहा जास्त अंडी देणाऱ्या जातीच्या, उदाहरणार्थ ग्रामप्रिया. नीट खाणं मिळालं तर वर्षाला दोनशेच्या आसपास अंडी देते. चार अस्सल गावठी. गावठी वर्षाला साठ-सत्तरच देते, पण बारा-पंधरा अंडी घातली की खुडूक बसते, घार दिसली की पिल्लांना पंखाखाली घेते आणि वीज मागत नाही. गिरिराज, वनराज वजनाला चांगल्या. पण जड अंगाने पळता येत नाही, त्यामुळे उघड्यावर लवकर सापडतात. कडकनाथच्या मागे लागू नका. झाबुआचा तो पक्षी छानच आहे, पण त्याच्या नावावर भलतंच काही विकणारे फार.

कोंबडा? नुसती अंडी हवी असतील तर नसला तरी चालतो. कोंबडी त्याच्याविना अंडी देते. शहरातल्या निम्म्या पाहुण्यांना हे पटत नाही. पिल्लं काढायची असतील तर दहांमागे एक पुरे. आमचा पहाटे चारला सुरू होतो.

खुराडं आधी बांधून, रिकामं ठेवून एक पाऊस बघा. कुठे गळतं ते कळतं. दहा-बारा पक्ष्यांना रात्रीपुरतं सहा बाय चार फूट पुरे. जमिनीपासून दोन फूट उंच, तोंड पूर्वेला. पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, ती बाजू पूर्ण बंद. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड. षटकोनी डोळ्यांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. मुंगसाचं डोकं शिरलं की अंग शिरतं, हे मनात धरून प्रत्येक फट बघा. कडीला वरून तारेचा पीळ द्या. आत बसायला दोन इंच रुंद लाकडी दांडी, पक्ष्यामागे आठ इंच जागा. अंड्यांसाठी फूटभर लांब-रुंद खोकी, चार-पाच कोंबड्यांमागे एक, जरा अंधारात. खाली भाताचं तूस तीन इंच. आमच्या पट्ट्यात भातगिरणीतून सहज मिळतं. आठवड्यातून दोनदा खालवर करा. ओलं झालं की लगेच काढा, कारण पावसाळ्यातल्या बहुतेक दुखण्यांची सुरुवात ओल्या तुसात होते. पिल्लांना रक्ताची हगवण लागते ती तिथूनच.

अंगणाच्या कोपऱ्यात राख आणि कोरडी माती एका फुटक्या घमेल्यात ठेवा. त्यात लोळून त्या अंगावरच्या उवा-पिसवा घालवतात.

खाणं. बांधून ठेवलेल्या मोठ्या कोंबडीला दिवसाला शंभर-एकशे वीस ग्रॅम लागतं. मोकळ्या फिरणारीला निम्मं दिलं तरी चालतं, बाकी ती शोधते. आम्ही भरडलेला मका, बाजरी, तांदळाची कणी, शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकट असं मिसळतो. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत कायम. अंड्याचं कवच पातळ आलं तर आधी ही वाटी बघा. एक मात्र स्पष्ट सांगते: दाण्याचा, जाळीचा, मेलेल्यांचा हिशोब धरला तर घरचं अंडं बाजारापेक्षा स्वस्त पडत नाही. चव वेगळी असते, हे खरं.

दाणा पत्र्याच्या पिंपात, झाकण घट्ट. गोणीत ठेवला की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतो.

लसी. मानमोडी (राणीखेत रोग) गावात शिरली की आठवड्यात पाडाच्या पाडा रिकामा होतो. हिरवट हगवण, मान वाकडी, मग संपलं. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीवरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस, आठव्याच्या पुढे मानमोडीचीच दुसरी लस, आर-टू-बी, टोचून. मधली गंबोरोची लस आणि नेमक्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. आपली अडचण वेगळी आहे: लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते आणि आपल्याकडे फ्रिज नाही. थर्मासमध्ये बर्फ घालून सकाळीच आणायची आणि कुपी फोडली की तास-दोन तासांत संपवायची. कुपी शंभर किंवा जास्त डोसांची असते, आपल्या दहांना देऊन बाकी फेकावी लागते. म्हणून आम्ही पाड्यावर आदल्या दिवशी निरोप देतो आणि सगळ्यांच्या कोंबड्या एका सकाळी उरकतो. शेजाऱ्याची कोंबडी आजारी तर आपली किती दिवस बरी राहणार?

एकदम बरेच पक्षी मेले तर खायचे नाहीत, ओढ्यात टाकायचे नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवायचं. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या जवळच्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरलाच सापडला होता.

पिल्लं काढायची वेळ दिवाळी ते फेब्रुवारी. खुडूक कोंबडीला अंधाऱ्या कोपऱ्यात डालग्याखाली, वाळू आणि गवतावर बसवा. आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी. सातव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर धरून बघा. आत शिरांचं जाळं दिसलं नाही ते अंडं काढा. दिवसातून एकदा तिला उठवून खायला घाला, ती स्वतः उपाशी बसून राहते. एकविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू येते.

उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे गेला की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात. मातीच्या परळात पाणी, दिवसातून तीनदा बदलून. छपरावर ओलं पोतं. दाणा पहाटे आणि दिवस मावळताना. डिसेंबरात दिवस लहान झाला की अंडी कमी होतात. पहाटे दोन तास बल्ब लावून ती वाढवता येतात, वीजही फार जात नाही. मी लावत नाही. त्यांनाही सुट्टी असू दे.

विष्ठा थेट वाफ्यात टाकू नका, रोपं करपतात. पालापाचोळ्याच्या थरांत रचून, ओल राखून, दोन-तीन महिने कुजवा. मग मात्र असं खत विकत मिळत नाही.

रात्र

अंधार पडल्यावर टॉर्च आणि बूट याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसं, चारही आपल्याकडे आहेत. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो, म्हणून जमिनीवर झोपायचं नाही आणि मच्छरदाणी गादीखाली खोचायची. चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं, मांत्रिक, काही नाही. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि दवाखाना. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस असते का, हे आजच विचारून ठेवा.

बिबट्या निफाड-दिंडोरीच्या उसातला असो की आमच्या डोंगरातला, तो माणसासाठी येत नाही, कुत्र्यासाठी आणि कोंबड्यांसाठी येतो. लहान मुलांना मात्र अंधारात एकटं सोडू नका. खुराडं घराच्या भिंतीला लागून ठेवा, आजूबाजूचं गवत कापा. वनविभागाचा क्रमांक १९२६ भिंतीवर लिहून ठेवलाय.

संडासाला दोन शोषखड्डे करा, आळीपाळीने वापरायचे, विहिरीपासून पन्नास फूट तरी लांब. याहून जास्त त्यावर लिहिण्यासारखं नाही.

गावाला जायचं झालं तर

हे कुणीच विचारत नाही आणि सगळे इथेच अडकतात. लग्न निघतं, दवाखाना निघतो. खुराड्याचं दार सकाळी साडेसहाला उघडावं लागतं आणि दिवेलागणीला लावावं लागतं, तीनशे पासष्ट दिवस. म्हणून शेजार जमीन घेण्याआधी बघा. आमच्या मागे मावशी येतात. त्या दिवसांची अंडी त्यांची आणि त्यांच्या कोंबड्यांच्या लसीचा खर्च आमचा, असं ठरलं आहे. पैसे देऊ केले तेव्हा त्या रागावल्या होत्या.

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय. दुपारी मोटर, टाकी भरेपर्यंत. बॅटरीचा आकडा चाळीसच्या खाली गेला तर पंखा बंद. वाफ्याचं फाटक ओढून घ्यायचं. पिंपाचं झाकण. आणि शेवटची ओळ, लाल पेनाने: संध्याकाळी मोजायचं, कोंबडा धरून अकरा. अकरा झाल्याशिवाय कडी लावायची नाही.